शनिवारची गाडी

सॅन्टन तुस्कानोनं आयुष्यात स्वतःसाठी घेतलेली चारचाकी एकच. जुनी मारुती व्हॅन, आणि तीही अवजारं वाहायला. पण गिरीजमध्ये कुणालाही विचारा, सॅन्टनची गाडी कुठली, तर व्हॅनकडे कुणी बघणारसुद्धा नाही. राऊतांच्या वाडीत, सुपारीच्या रांगेपलीकडे जी कौलारू पडवी आहे, तिकडे बोट दाखवतील.

त्या पडवीत १९६७ सालची मर्सिडीज कूपे उभी असते. दोनच दारं, पुढं लांबलचक नाक, आणि बाजूच्या दोन काचांच्या मध्ये खांबच नाही. काचा खाली केल्या की या अंगाचा वारा थेट त्या अंगानं निघून जातो. रंग गडद हिरवा, केळीच्या जून पानाचा असतो तसा. आतला लाकडी डॅशबोर्ड आणि बदामी चामड्याच्या सीटा अजून मूळच्याच.

ही गाडी मुंबईतल्या एका वकिलातीतल्या साहेबाची. तो मायदेशी परतताना ती ओळखीतून वाडीचे मालक नरहरी राऊत यांच्या वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे आली. अण्णा केळ्यांचे आणि खायच्या पानांचे व्यापारी. साहेबानं म्हणे त्यांना बजावून सांगितलं होतं, की हिला गावात फिरवू नका, हिची जात लांबच्या वाटेची आहे. सकाळी एका देशात न्याहारी करून निघावं आणि संध्याकाळी दुसऱ्या देशात जेवावं, चार माणसं, त्यांचं सामान, आणि उतरताना कुणाची पाठ धरलेली नसावी, याचसाठी ती घडवलेली. अण्णांनी मान डोलावली आणि गाडी गिरीजला आणली. इथं वाडीला दिवसाआड पाणी द्यावं लागे, पानवेलींवर रोज नजर लागे, आणि घरचा माणूस दोन रात्री बाहेर राहिला तर तिसऱ्या दिवशी झाडं तोंड पाडून बसत. मग लांबची वाट कसली? वसई स्टेशन, निर्मळची जत्रा, सोपाऱ्याचा बाजार, झालं. अण्णा गेले, नरहरींच्या हाती गाडी आली, तरी तिचा पल्ला तेवढाच राहिला.

सॅन्टन या गोष्टीत आला तो १९८४ साली. तेव्हा तो तिशीचा. ताडदेवच्या एका गॅरेजात परदेशी गाड्यांवर आठ वर्षं काम शिकून त्यानं वालीवला स्वतःची पत्र्याची शेड टाकली होती. नरहरी गाडी घेऊन आले, कारण ती चालू व्हायला सकाळी फार त्रास देत होती. सॅन्टननं बॉनेटला हातच लावला नाही. गाडी चालू ठेवली, शेजारी डोळे मिटून उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

नरहरी म्हणाले, "उघडून बघणार नाही का?"

"ऐकून झालं की उघडतो," सॅन्टन म्हणाला.

उघडल्यावर त्यानं एकच ठिकाण धरलं, पाऊण तासात काम संपवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी किल्ली फिरवताच बोलायला लागली. त्या दिवशी नरहरींनी ठरवून टाकलं, की या माणसाशिवाय हिच्या पोटात कुणी हात घालायचा नाही. आणि सॅन्टननंही काही ठरवलं असावं, कारण त्याच्या पुढच्या शनिवारी तो न बोलावता सायकल मारत गिरीजच्या वाडीत हजर झाला. ते शनिवार पुढं कधी थांबले नाहीत.

शनिवारचं काम म्हटलं तर थोडं, म्हटलं तर संपायचं नाही. ऑइल बघायचं, बॅटरीत पाणी बघायचं. वसईची हवा खारी, ती पत्र्याला आतून खाते, म्हणून खालच्या अंगाला तेलाचा हात फिरवायचा. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते टॉर्च मारून पाहायचं. चामड्यावर ओला फडका, मग कोरडा. आणि शेवटी अर्नाळ्याच्या दिशेनं एक फेरी. परत आलं की पडवीत दोन कप चहा येत, आणि नरहरी दर वेळी विचारत, "सॅन्टन, समज आत्ता निघालो, तर कुठपर्यंत जाईल?"

"कन्याकुमारी," सॅन्टन म्हणे. "जाऊन परत."

मग दोघंही हसत, कारण दोघांनाही ठाऊक होतं, की उद्या रविवार, आणि रविवारी वाडीला पाण्याची पाळी.

गावातली अर्धी लग्नं त्या गाडीनं लावली असं म्हटलं तरी चालेल. राऊतांच्या नात्यातल्या नवऱ्यामुली तर तिच्यातून गेल्याच, पण चर्चला जाणाऱ्या नवऱ्याही गेल्या. ८६ साली सॅन्टनचं लग्न झालं, तेव्हा कॅथरिन पांढरा झगा सावरत त्याच मागच्या सीटवर बसून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आली. गाडी स्वतः नरहरींनी चालवली. सॅन्टन पायऱ्यांवर उभा होता, आणि कॅथरिन आजतागायत सांगते, की त्यानं आधी इंजिनाकडे कान दिला आणि मग तिच्याकडे बघितलं.

पुढं जुन्या गाड्यांचे दिवस आले. शौकीन लोक शोधत शोधत गिरीजला पोचू लागले. त्यातला एक मर्विन नावाचा, वांद्र्याचा, फार हुशार माणूस. त्यानं गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि नरहरींना म्हणाला, "सगळी उघडू या. नवा रंग, नवं चामडं, क्रोम परत चढवू. शोरूममधून काढल्यासारखी होईल."

नरहरींनी सॅन्टनकडे बघितलं. सॅन्टन फडक्यानं हात पुसत होता.

"हिचं काही गेलेलंच नाही," तो म्हणाला, "तर परत काय आणायचं?"

मर्विननं बॉनेटवरचा खळगा दाखवला. तो ९१ सालच्या वाऱ्यात नारळ पडून झालेला. सॅन्टन म्हणाला, राहू दे. स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंचा काळा रंग नरहरींच्या तळहातांनी झिजून तिथं मऊ चकाकी आली होती. तीही राहू दे. ड्रायव्हरच्या सीटची एक शिवण उसवली होती, ती कॅथरिननं मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवून दिलेली. टाके थोडे तिरके होते. सॅन्टन म्हणाला, ते तर राहू देच. त्याला नीट शब्दांत सांगता येत नव्हतं, पण त्याच्या लेखी नवी केलेली गाडी आणि राखलेली गाडी या दोन वेगळ्या वस्तू होत्या. पैसा असला की नवी करता येते. राखायला मात्र माणूस लागतो, दर आठवड्याला.

दोन वर्षांपूर्वी नरहरी गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. तेरावं झालं, पाहुणे पांगले. मुलगा उमंग बेळगावला एका फाउंड्रीत इंजिनीयर, तोही बायकोमुलीला घेऊन परत गेला. त्यानंतर पहिला शनिवार आला. सॅन्टन घरात बसून राहिला. जावं की जाऊ नये? मालक नाही, चहाला बसणारं कुणी नाही. दहाच्या सुमारास फोन वाजला. कॅथरिननं उचलला आणि त्याच्या हातात दिला. नरहरींच्या पत्नी, शांतावहिनी.

"भाऊ, आज शनिवार आहे ना?" त्या एवढंच म्हणाल्या.

सॅन्टननं टोपी घातली आणि निघाला.

गाडीचं असं चाललं होतं, पण सॅन्टनचं एक दुखणं त्यानं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. वालीवच्या शेडच्या एका अंगाला पत्रा कापायची प्रेस, दुसऱ्या अंगाला शेजारच्या ऑस्करचं लेथ, आणि मधे त्याचा स्वतःचा कॉम्प्रेसर. चाळीस वर्षं हे तिन्ही एकदम गर्जत होते. आधी त्याला पक्ष्यांचे आवाज ऐकू येईनासे झाले, मग चर्चमध्ये मिसेच्या वेळी फादरांचे शब्द विरघळायला लागले. सोबतीला गुडघ्यांनीही दगा दिला, आणि शेड त्यानं एल्रॉय या पुतण्याच्या हवाली केली. गावाला कारण सांगितलं गुडघ्यांचं. मुलगी स्टेफी अंधेरीला विमा कंपनीत नोकरीला, वसईलाच राहणारी. ती म्हणायची, "पप्पा, टीव्ही केवढा मोठा लावता!" तो म्हणायचा, "आईला कमी ऐकू येतं." कॅथरिन त्याच्याकडे बघायची आणि हातातलं काम पुढं चालू ठेवायची.

गणपती नुकते गेले होते, अशा एका शनिवारी त्यानं नेहमीसारखी गाडी चालू केली. बॉनेटवर तळहात ठेवला. थरथर ठीक वाटली. "एक नंबर," तो स्वतःशीच म्हणाला आणि बॉनेट पाडायला हात वर नेला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून शांतावहिनी बाहेर आल्या. हातात सोलायच्या वालाच्या शेंगा घातलेलं सूप तसंच होतं.

त्या काहीतरी म्हणाल्या. सॅन्टननं हसून मान हलवली.

त्या जवळ आल्या, त्याच्या समोर उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "भाऊ, मी विचारलं, ही अशी का टकटकतेय?"

सॅन्टनचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पडवीच्या पायरीवर बसला. हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"वहिनी, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. नरूभाऊ होते तेव्हाच सुरू झालं होतं."

"आणि मग इतके दिवस कशाच्या भरवशावर करताय?"

"हाताच्या. सवयीच्या." तो थांबला. "आणि गाडीच्या चांगुलपणाच्या. दुसरी एखादी असती तर केव्हाच उघडी पडली असती माझी लबाडी. वहिनी, आता दुसरा कुणी बघा. एल्रॉयला सांगतो मी."

शांतावहिनी त्याच्या शेजारी, एक पायरी सोडून, बसल्या. सूप मांडीवर घेतलं.

"चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं इथं बाहेर, आणि मी त्या दाराच्या आत. भाकऱ्या थापताना दुसरं काय करायचं? हिलाच ऐकत होते. बॉनेट पडायच्या आधी मला कळायचं आज चहा लवकर लागणार की उशिरा. ९८ साली ती मिसिंग मारत होती, तुम्ही तीन शनिवार शोधत होतात. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, की सहा सिलिंडरांतला एक मुका आहे."

सॅन्टन त्यांच्या ओठांकडे बघत राहिला. "मग बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

सॅन्टन उठला, अवजारांची पेटी उघडली आणि म्हणाला, "टकटक कशी? सांगा."

त्यांनी सुपातली एक शेंग उचलून त्याच्या डोळ्यांपुढं मोडली. "अशी. पण एकसारखी नाही. पाच हलक्या आणि सहावी जोरात. पुढच्या अंगाला."

"टॅपेट," सॅन्टन म्हणाला. "झडपेची फट वाढलीय."

इंजिन गार होईपर्यंत दोघांनी मिळून शेंगा सोलल्या. मग त्यानं झाकण उघडलं, पत्र्याची पातळ पट्टी फटीत सरकवली, पेच पाव आट्याएवढा फिरवला. गाडी चालू केली आणि वहिनींकडे बघितलं.

"आता फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड. बारीक."

"तेवढी हवीच," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याला आपण कामाची खात्री करून बॉनेट पाडतोय असं वाटलं.

तिथून पुढं शनिवारची रीत बदलली. गाडी चालू झाली की वहिनी बाहेर येऊन उभ्या राहत आणि सॅन्टन त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राही. कुकरची शिट्टी यायच्या आधी होतो तसा, पाट्यावर वरवंटा फिरतो तसा, ओलं लाकूड चुलीत टाकल्यावर होतो तसा. त्यांचे सगळे आवाज स्वयंपाकघरातले, पण सॅन्टनला त्यातून नेमकी जागा सापडायची. घरी गेल्यावर त्यानं कॅथरिनलाही सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. तू सांगायची वाट बघत होते." आणि त्या रात्री तिनं टीव्हीचा आवाज आपणहून वाढवला.

गेल्या डिसेंबरात उमंगचा फोन आला. बेळगावला त्याचं घर बांधून झालं होतं, जानेवारीत वास्तुशांत. आईला न्यायला गाडी पाठवतो म्हणाला, नाहीतर विमानाचं तिकीट काढतो. शांतावहिनी म्हणाल्या, "मी आपल्या गाडीनं येईन."

"आई, ती गाडी सोपाऱ्याच्या पुढं कधी गेली नाही."

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या.

उमंगनं मग सॅन्टनला फोन केला, तो कॅथरिननं घेतला, आणि ती ऐकून एकेक वाक्य मोठ्यानं सॅन्टनला सांगत राहिली. सव्वापाचशे किलोमीटर, अठ्ठावन्न वर्षांची गाडी, सत्तरी ओलांडलेला ड्रायव्हर. काका, तुम्हीच आईला समजवा.

सॅन्टन दुसऱ्या दिवशी वाडीत गेला. "पोरगा खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "गाडी जाईल, वहिनी. मीच नाही जाणार. कान नसलेल्या माणसानं हायवेला तुम्हाला घेऊन जायचं, हे मला पटत नाही."

कॅथरिन बरोबर आली होती. ती पडवीत उभी राहून गाडीकडे बघत म्हणाली, "स्टेफी चालवेल की. पुण्याला ऑफिसच्या कामाला जाते तेव्हा स्वतःच चालवत जाते. वहिनी पुढं बसून ऐकतील. तू मागं बस आणि काय दुरुस्त करायचं ते कर. आणि चौथी सीट माझी. लग्नाला बसले होते त्यानंतर मला त्या गाडीत कुणी बसवलेलं नाही."

सॅन्टनला यात काढायला खोट सापडली नाही. तीन आठवडे तो रोजच वाडीत जाऊ लागला. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून सगळ्या नळ्या नव्या घातल्या. ब्रेक उघडून पाहिले, टायर बदलले. एक झिजलेला बुश ऑस्करनं लेथवर नमुन्याबरहुकूम काढून दिला. सुट्टे भाग फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवले. संध्याकाळी स्टेफीला बसवून शिकवणी चालू. "क्लचवर पाय मारायचा नाही, त्याला विनंती करायची," तो म्हणे. स्टेफी सदतीस वर्षांची, तिला लहानपणी या गाडीला बोट लावायची परवानगी नव्हती. पहिल्या दिवशी स्टिअरिंगवरच्या त्या दोन झिजलेल्या जागा तिच्या हाताखाली आल्या तेव्हा ती काही वेळ गाडी चालू करायचंच विसरली.

निघाले ते शुक्रवारी, उजाडता उजाडता. वाडीचं पाणी तेवढे दिवस एल्रॉय बघणार होता. वहिनींनी सुकेळ्यांचे, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचे, दोन डबे घेतले, कॅथरिननं उकडलेली अंडी आणि पाव. घोडबंदरच्या रस्त्यानं ठाणं मागं पडलं, एक्सप्रेसवे लागला, बोरघाट गाडीनं दुसऱ्या गिअरवर, घाई न करता, चढला. सॅन्टनचं लक्ष पूर्ण वेळ उष्णतेच्या काट्यावर. बूट काढून त्यानं दोन्ही तळपाय गाडीच्या तळाला टेकवले होते, कारण आता त्याचे कान तेच होते. "साठच्या पुढं नाही," त्यानं स्टेफीला बजावलं होतं, आणि ती बिचारी साठच्या पुढं जात नव्हती. टेम्पोसुद्धा त्यांना मागं टाकून जात होते, पण जाता जाता ड्रायव्हर मान वळवून बघत होते.

खंबाटकी घाटात काटा थोडा चढला. सॅन्टन पुढं वाकला. घाटमाथा जवळ आला आणि वहिनींनी हात वर केला.

"स्टेफी, इथं चिमण्या आहेत का गं?"

"इथं? नाही काकी, नुसते ट्रक आहेत."

"मग चिवचिव कसली येतेय?"

कॅथरिननं सॅन्टनच्या गुडघ्यावर चापट मारून ते त्याला सांगितलं. सॅन्टनचा चेहरा बदलला. "थांबव. जागा दिसली की थांबव."

घाट उतरताच एका हॉटेलच्या आवारात झाडाखाली त्यांनी गाडी लावली. सॅन्टननं बॉनेट उघडलं, पंख्याचा पट्टा बोटांनी उलटा करून बघितला. वरून चांगला दिसणारा पट्टा आतल्या अंगाला बारीक भेगांनी भरलेला होता. आणखी पन्नास-साठ किलोमीटर, आणि तो तुटलाच असता. मग पाणी उकळून इंजिन बसलं असतं.

"रोज बघत होतो मी हा," तो पुटपुटला. "आवाजावरून ओळखायचो. डोळ्यांनी ओळखायची सवयच नाही."

शांतावहिनींनी तोंडावर धरलेला पदर बाजूला केला. "भाऊ, चूक माझी. महिनाभर येतोय हा आवाज. मला वाटलं, वाडीतल्या चिमण्या."

सॅन्टननं त्यांच्या ओठांवरून ते टिपलं. मग त्याला हसू फुटलं. असं फुटलं की त्याला पान्यासकट बंपरवर बसावं लागलं. वहिनी हसल्या, स्टेफी हसली, कॅथरिनच्या डोळ्यांतून पाणी आलं. डिकीतला नवा पट्टा काढून घालायला पाऊण तास लागला. तोवर पाच-सहा माणसं जमली. एका ट्रकवाल्यानं विचारलं, "काका, नवीन करून घेतली का?"

सॅन्टनला ऐकू गेलं नाही. उत्तर कॅथरिननं दिलं. "नाही हो, जुनीच आहे. राखलीय."

कराड, कोल्हापूर गेलं. रस्त्याची कामं, वळणं, धूळ. निपाणी मागं पडली, तवंदीचा घाट चढून गाडी वर आली, आणि समोर रस्ता असा पसरला की डोळ्यांना अडायला काही नाही. दोन्ही बाजूंना उघडं माळरान, उन्हं कलायला लागलेली.

शांतावहिनी म्हणाल्या, "स्टेफी, सोड तिला जरा."

स्टेफीनं आरशात बघितलं. पप्पा बाहेर बघत होते. तिनं हळूच पाय दाबला.

सॅन्टनला आधी तळपायांत काहीतरी वेगळं वाटलं. चाळीस वर्षं ओळखीची असलेली ती बारीक थरथर वाढली, मग अजून बारीक झाली, आणि मग नाहीशीच झाली. तळाचा पत्रा शांत. त्यानं घाबरून सीटची पाठ धरली.

"बंद पडली! स्टेफी, इंजिन बंद पडलं, बाजूला घे!"

स्टेफीनं मान हलवली आणि मीटरकडे बोट दाखवलं. काटा शंभराच्या किंचित पुढं, टाचणीनं खोचल्यासारखा स्थिर. झाडं मागं पळत होती. उघड्या काचांतून वारा या अंगानं येऊन त्या अंगानं जात होता.

सॅन्टन मागं टेकला. साहेबानं अण्णांना काय सांगितलं होतं ते आता त्याला पायांतून कळत होतं. गावात पन्नासच्या वेगात जे कुरकुरणं, थरथरणं तो तिचा स्वभाव समजून बसला होता, तो तिचा स्वभाव नव्हताच. ती नुसती वाट बघत होती. नरूभाऊ इथं हवे होते, असं त्याला वाटलं. त्यानं पुढं बघितलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचा हात डॅशबोर्डच्या लाकडावर, एखाद्या गुराच्या पाठीवर ठेवावा तसा, पसरलेला होता.

"कशी वाजतेय?" त्यानं विचारलं.

वहिनींनी वळून त्याला दिसेल असं सांगितलं, "काहीच वाजत नाही, भाऊ. झोपा आता."

आणि खरंच, चाळीस वर्षांत पहिल्यांदा सॅन्टन त्या गाडीत झोपला. कॅथरिनच्या खांद्यावर डोकं टाकून, बेळगावच्या वेशीपर्यंत.

उमंग फाटकात उभा होता. आईला वाकून नमस्कार केला, सॅन्टनचे हात हातात धरले, आणि मग गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. लहानपणी त्याचे पाय खाली पोचत नसत, आता गुडघे पुढच्या सीटला लागत होते. त्याची आठ वर्षांची राधिका शेजारी चढली आणि त्याला विचारू लागली, "बाबा, रडताय का?"

वास्तुशांत झाल्यावर उमंगनं सगळ्यांना घरामागं नेलं. तिथं त्यानं गाडीसाठी जागा बांधली होती. पक्कं छत, कोरडी फरशी, शटर. कुणाला काही सांगावं लागलं नाही. आईनं आणि गाडीनं इथंच राहावं, ही त्याची इच्छा त्या चार भिंतींत लिहिलेली होती.

वहिनींनी सॅन्टनकडे बघितलं. "भाऊ, तुम्ही सांगा."

सॅन्टननं फरशीवर हात ठेवून ओल बघितली, भिंत चाचपली. जागेला नाव ठेवलं असतं तर गाडी परत आली असती, पण गाडीच्या बाबतीत खोटं बोलणं त्याला दुसऱ्यांदा जमणार नव्हतं.

"जागा चांगली आहे," तो म्हणाला. "आपल्या खाऱ्या हवेपेक्षा लाख पटीनं चांगली. इथं पत्रा अजून वीस वर्षं टिकेल."

"आणि शनिवारी कोण येईल?"

"आई, इथं चांगले मेकॅनिक आहेत," उमंग म्हणाला.

"असतील," वहिनी म्हणाल्या. त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "उमंग, पावसाळ्यात वाडीला पाणी द्यावं लागत नाही. त्याच दिवसांत खारा वाराही जास्त. जूनच्या आधी मी इथं येईन, दसऱ्याला परत गिरीजला जाईन. दर वर्षी. गाडी माझ्याबरोबर येईल आणि माझ्याबरोबर जाईल. ती कोपऱ्यात ठेवायची वस्तू नाही, हे मला परवा कळलं. मीही नाही."

उमंग हसला. शटर बांधल्याचे पैसे अगदीच वाया गेले नव्हते.

वसईला परतल्यावर स्टेफीनं बापाला डॉक्टरकडे नेलं आणि कानात यंत्र बसवून आणलं. मिसा आता त्याला स्पष्ट ऐकू येते, आणि कॅथरिन म्हणते, की फादरांचं प्रवचन आवडत नाही हेही आता त्याला कळलंय. शनिवारी मात्र यंत्रातून गाडी त्याला पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. म्हणून वाडीच्या फाटकात शिरताना तो ते काढून खिशात ठेवतो आणि वहिनींना हाक मारतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं ठरलंय. कॅथरिनला या वेळी वाटेत वळून गोकाकचा धबधबा बघायचा आहे. सॅन्टन म्हणाला, तो बेळगावच्या वाटेवर नाही, आडवाटेला पन्नास-साठ किलोमीटर पडतो. "मग?" कॅथरिन म्हणाली. सॅन्टननं थोडा विचार केला, आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून त्याचं रबर बघायला लागला.